अंदमानला जायचं, पण कोणकोणत्या बेटांवर?

मैत्रिणींनो, सुटीचा विषय निघाला की हल्ली महाबळेश्वर-गणपतीपुळे ही नावं मुलं ऐकूनसुद्धा घेत नाहीत. "सगळ्यांचं अंदमान झालं, आपलंच राहिलं!" हे पालुपद आमच्या घरी दोन वर्षं चाललं होतं. शेवटी यंदा नाही तर कधीच नाही, असं म्हणून 'हे' एका संध्याकाळी एका प्रवास कंपनीचा गुळगुळीत छापील कागद घेऊन आले आणि त्यांनी तो फ्रिजवर चिकटवला. पाच रात्री, सहा दिवस आणि सात बेटं!

मुलं नाचायलाच लागली. सासूबाईंनी चष्मा लावून कागद वाचला आणि एवढंच विचारलं, "ह्यात सावरकरांची कोठडी कुठे आहे गं?" ती होती, पण कशी? पाचव्या दिवशी, बाराटांगहून परत आल्यावर, "वेळ उपलब्ध असल्यास".

त्या रात्री मी वहीचं मागचं पान उघडलं. मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. वर्गात नकाशावर पट्टी फिरवताना अंदमानची बेटं कशी एकमेकींना चिकटून असल्यासारखी दिसतात. पण प्रत्यक्ष जायचं म्हटल्यावर तासांचा हिशेब मांडला, आणि कागदावरच्या सात बेटांतलं एक तर बेटच नव्हे, हे पहिल्यांदा लक्षात आलं. 'एलिफंट बीच' म्हणजे हॅवलॉक बेटाचाच एक किनारा. तो वेगळा मोजून कंपनीने आकडा फुगवला होता!

तुम्हीही पहिल्यांदाच जाणार असाल तर बेटं मोजू नका, उजेडाचे तास मोजा. अंदमान आपल्या कितीतरी पूर्वेला, पण घड्याळ मात्र तेच. त्यामुळे जानेवारीत तिथे पहाटे साडेपाच-पावणेसहाला उजाडतं आणि संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास सूर्य बुडतोसुद्धा. आपल्याकडे ज्या वेळी चहाचं आधण ठेवायचं, त्या वेळी तिथे समुद्रकिनारे रिकामे करायला सांगतात. आपल्या सवयीने आठला उठून दहाला बाहेर पडलात, तर अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. शिवाय प्रत्येक वेळी बेट बदलायचं म्हणजे सामान बांधा, धक्क्यावर तासभर आधी पोचा, ओळखपत्रं दाखवा, बोटीत बसा, उतरल्यावर रिक्षा शोधा, खोली ताब्यात मिळेपर्यंत ओट्यावर बसा. एका बेटबदलाला माझ्या हिशेबाने अर्धा दिवस लागतो, आणि लहान मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर त्याहून जास्त. सहा दिवसांत असे पाच-सहा बदल केले तर बघणार काय? धक्के आणि बॅगा!

आमच्या शेजारणीचं असंच झालं. तिच्या मोबाइलमध्ये तिनशे फोटो आहेत, आणि कुठला किनारा कुठल्या बेटावरचा हे तिचं तिलाच सांगता येत नाही.

मग मी एक केलं. जेवणं झाल्यावर प्रत्येकाकडून एकेकच इच्छा लिहून घेतली. एकच, दुसरी नाही. ह्यांना राधानगरचा सूर्यास्त हवा होता. धाकट्याला जिवंत रंगीत मासे. मुलीने बराच विचार करून "जिथे गर्दी नसेल ते बेट" असं लिहिलं (ती नववीत आहे, सध्या तिला गर्दीचा राग आहे). सासूबाईंची इच्छा आम्हाला ठाऊकच होती. त्यांच्या माहेरी 'माझी जन्मठेप'ची जुनी प्रत होती, आणि त्यांचे वडील रात्री ती मोठ्याने वाचून दाखवत. अडुसष्टाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना, त्यांना अंदमानात तेवढंच पाहायचं होतं. आणि मी? मला कुणी विचारलं नाही, पण मीच माझी ओळ लिहून टाकली: "एक अख्खी सकाळ पाण्यात, कुणाच्याही चहाची वेळ न सांभाळता." सगळे हसले. हसू देत! पानावर आली ना!

ह्या पाच ओळी समोर ठेवल्या आणि बेटं आपोआप गळायला लागली.

आता थोडी माहिती देते, म्हणजे तुम्हाला तुमची यादी करता येईल. अंदमान-निकोबारमध्ये लहानमोठी बेटं आणि खडक धरून संख्या आठशेच्या वर जाते, पण माणसांची वस्ती आहे ती तिसेक बेटांवर. निकोबार हा आदिवासींसाठी राखीव भाग, तिथे सहलीला जाता येत नाही. नॉर्थ सेंटिनेलच्या जवळपास फिरकायलाही बंदी आहे. तेव्हा आपल्यासारख्या पहिल्यांदा जाणाऱ्यांचा प्रश्न दक्षिण अंदमान आणि त्याच्या आसपासच्या पाच-सात बेटांपुरताच असतो. नावांचा मात्र गोंधळ होतो, तो आधीच निस्तरून घ्या. रॉस, नील आणि हॅवलॉक ह्या बेटांची नावं २०१८ च्या डिसेंबरात अनुक्रमे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, शहीद द्वीप आणि स्वराज द्वीप अशी झाली, आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. तिकिटावर नवं नाव आणि रिक्षावाल्याच्या तोंडी जुनं, असं असतं. मीही इथे बोलण्यातली जुनीच वापरते, म्हणजे तुमचाही गोंधळ नको.

ऋतूचंही आताच सांगते. नोव्हेंबरात पाऊस-वादळाची धास्ती असते. डिसेंबर ते एप्रिल समुद्र बहुधा शांत. मेच्या सुटीत जाणार असाल तर पहिल्या पंधरवड्यातच उरका, कारण केरळात १ जूनच्या सुमारास येणारा मोसमी पाऊस अंदमानात त्याच्याही आठ-दहा दिवस आधी पोचतो.

पोर्ट ब्लेअरला बहुतेकजण विमानतळापुरतंच समजतात. माझ्या मते मराठी माणसाने तिथे दोन दिवस द्यावेत, आणि तेही सुरुवातीचे. सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ ह्या दहा वर्षांत बांधून झालं. मधला मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात इमारती. त्यांतल्या तीनच आता उभ्या आहेत. एका इमारतीची पुढची बाजू दुसरीच्या पाठीकडे येते, म्हणजे समोरासमोरच्या कैद्यांची नजरानजरसुद्धा होऊ नये. कोठडी साडेतेरा फूट बाय साडेसात फूट. आपल्या चाळीतल्या खोलीपेक्षाही लहान. मागच्या भिंतीत उंचावर एक झरोका. आणि दाराची कडी! ती दारावर नाहीच. हातभर लांब, भिंतीत खोबण करून बसवली आहे. आतल्या माणसाने गजांतून कितीही हात लांब केला तरी पोचू नये अशी.

तात्याराव ४ जुलै १९११ ला इथे आले आणि १९२१ पर्यंत इथे होते. थोरले बंधू बाबाराव ह्याच तुरुंगात, पण भेट होणं दुरापास्त. त्यांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाला, आणि खाली समोरच फाशीघर. जिने चढायचे म्हणून ह्यांनी सासूबाईंना खालीच बसवण्याचं ठरवलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त कठड्याला धरून पहिल्या पायरीवर उभ्या राहिल्या. मग काय! आम्ही सकाळी उघडल्याबरोबर पोचलो होतो, म्हणून मागून ढकलणारं कुणी नव्हतं. चार पायऱ्या, विसावा, चार पायऱ्या, विसावा असं करत त्यांना वर पोचायला पंचवीस मिनिटं लागली. 'वेळ उपलब्ध असल्यास'वाल्या सहलीत ही पंचवीस मिनिटं कुणी दिली असती?

खाली कोलू ठेवलेला आहे. कैद्याला बैलासारखं जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढावं लागे. मुलांना हा आकडा कळेना. तेव्हा सासूबाईंनीच सांगितलं, "आपला तेलाचा पंधरा किलोचा डबा असतो ना, तो जवळजवळ भरायचा. रोज." दोघंही गप्प झाली. मुलीने पाटीवरची नावं वाचली. १९३३ च्या उपोषणात बळजबरीने अन्न घालताना गेलेल्या तिघांमध्ये महावीर सिंह होते, हे मला भूगोल शिकवूनही ठाऊक नव्हतं. वरून परतताना सासूबाईंनी ती भिंतीतली कडी हाताने एकदा सरकवून पाहिली. वडिलांबद्दल काही बोलतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, "तेल घालायला हवं हिला. गंजतेय."

संध्याकाळी तिथेच ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम असतो. हिंदी आणि इंग्रजी असे वेगवेगळे खेळ असतात, तिकिटं आधी काढून ठेवा. पण कार्यक्रम पाहिला म्हणजे जेल पाहिलं असं नव्हे, दिवसा जायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी रॉस. धक्क्यावरून बोटीने पाच-दहा मिनिटांत पोचता. १९४१ चा भूकंप आणि मग जपान्यांचा ताबा येईपर्यंत इंग्रजांचा सगळा कारभार ह्या चिमुकल्या बेटावरून चाले. चर्च, नाचघर, पावाची भट्टी, सगळ्यांच्या भिंती आता झाडांच्या मुळांनी कवटाळून धरल्या आहेत, आणि मधून हरणं बिनधास्त फिरतात. चालवत नसेल त्यांच्यासाठी विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या आहेत. अर्धा दिवस पुरतो. आठवड्यातून एखादा दिवस बंद असतो, तो आधी विचारून घ्या.

रॉसच्याच तिकिटात बहुधा नॉर्थ बे जोडून देतात. वीस रुपयांच्या जुन्या तांबड्या नोटेच्या मागे जे माडांचं चित्र आहे, ते तिथलंच. काचेच्या तळाची बोट, डोक्यावर शिरस्त्राण घालून समुद्रतळावर चालणं, असले खेळ तिथे असतात आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे. तुम्ही हॅवलॉकला जाणारच नसाल, तर मुलांसाठी नॉर्थ बे जरूर करा. जाणार असाल, तर दोन्हीकडे तेच कशाला? आम्ही गाळलं.

आता बाराटांगविषयी, कारण त्यावरून आमच्या घरात खरा वाद झाला.

बाराटांगला चुनखडीच्या गुहा आहेत. खारफुटीच्या खाडीतून होडीने जायचं, मग थोडं चालायचं. जागा सुंदरच असणार. पण पोर्ट ब्लेअरहून गाडीने तिथे जायचं तर अंदमान ट्रंक रोडने जारवांच्या राखीव जंगलातून जावं लागतं. पहाटे उठून जिरकाटांगच्या नाक्यावर रांग लावायची, मग पोलिसांच्या पहाऱ्यात गाड्यांचा ताफा सुटतो. जारवा म्हणजे हजारो वर्षं त्या जंगलात राहिलेली माणसं. सगळी मिळून काही शेकडाच उरली आहेत. गाडी थांबवणं, फोटो घेणं, त्यांना खाऊ देणं, हे सगळं कायद्याने गुन्हा आहे. तरी २०१२ मध्ये जारवा बायकांना खाण्याच्या आमिषाने पाहुण्यांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत बाहेर आली आणि देशभर हलकल्लोळ झाला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने काही आठवडे पर्यटकांना तो रस्ता बंदही केला होता.

हे म्हणाले, "आपण कुठे काय करणार आहोत? काचा बंद करून सरळ जायचं. सगळेच जातात." खरं सांगायचं तर मलाही ते पटत आलं होतं, कारण गुहा पाहायची मलाच उत्सुकता. तेवढ्यात मुलीने त्या कंपनीचा कागद हातात घेतला. त्यात गुहांच्या खाली एक ओळ होती: "नशीब असल्यास जारवांचे दर्शन." तिने ती ओळ मोठ्याने वाचली आणि विचारलं, "बाबा, दर्शन म्हणजे? खिडकीतून बघायचं?" ह्यांनी कागद परत फ्रिजवर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो बाराटांगवर पेनने काट मारलेली.

ज्या त्या घराने आपापलं ठरवावं. पण मी आई म्हणून एक गोष्ट सांगते. बाहेरच्यांशी संबंध आल्यावर १९९९ साली जारवांमध्ये गोवराची साथ आली होती. आपल्या मुलांना आपण गोवराची लस टोचून घेतो. त्या आयांकडे तेव्हा काय होतं?

बाराटांग आणि नॉर्थ बे गळाल्यावर राहिली हॅवलॉक आणि नील.

हॅवलॉकला पोर्ट ब्लेअरहून खाजगी वेगवान बोटीने दीड-दोन तास लागतात, सरकारी बोटीला जरा जास्त. सरकारी बोट पुष्कळ स्वस्त, पण तिकीट मिळवताना नाकी नऊ येतात. बोट लागत असेल तर उपाशीपोटी बसू नका, जड खाऊनही बसू नका. मी आलेपाकाच्या वड्या आणि आवळासुपारी नेली होती, ती आमच्या आसपासच्या दोन रांगांना पुरली. खालच्या मजल्यावर, मध्यभागी जागा घ्या, तिथे हेलकावे कमी बसतात.

ह्या बेटावरच्या वस्त्यांना आकडे आहेत, तीन नंबर, पाच नंबर असे. १९५० च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे जमिनी देऊन वसवलं, म्हणून बाजारात बंगाली ऐकू येतं, पण हिंदी सर्वांना येतं. राधानगर म्हणजे सात नंबर. धक्क्यापासून सुमारे बारा किलोमीटर. पांढरी, पिठासारखी वाळू आणि काठाला उंचच उंच समुद्री महुआची झाडं (आपला मोह नव्हे). सूर्यास्ताला तिथे जत्रा असते. ह्यांना त्यांचा सूर्यास्त मिळाला, पण मुलीचं तोंड वाकडंच. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळी सातला पुन्हा गेलो. अख्ख्या किनाऱ्यावर दहा माणसंसुद्धा नव्हती! हेच दोन रात्री राहण्याचं सुख. एक रात्र राहणाऱ्याला फक्त जत्रा दिसते. एक मात्र: जिथे जीवरक्षक आणि खुणेच्या दोऱ्या आहेत, तेवढ्यातच पाण्यात उतरा. २०१० साली इथे एका परदेशी पाहुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. घाबरवायला सांगत नाही, पण पाटी वाचून पुढे पाऊल टाका.

माझी सकाळ मला एलिफंट बीचवर मिळाली. धक्क्यावरून होडीने जायचं. मला पोहता येत नाही, आयुष्यात कधी गुडघ्याच्या वर समुद्रात गेले नव्हते. तिथला पोरगा म्हणाला, "दीदी, रिंग पकडो, बस." डोळ्यांना काचेचा चष्मा, तोंडात नळी. पहिल्या वेळी नाकातोंडात पाणी गेलं आणि मी उठून उभी राहिले, तर पाणी कमरेइतकंच! सगळे हसले. दुसऱ्यांदा मान खाली घातली आणि मग वर काढायचं भानच राहिलं नाही. पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे माझ्या बोटांना चाटून जात होते. सगळी प्रवाळं रंगीत असतील अशी कल्पना करू नका. २०१० साली समुद्र तापला तेव्हा अंदमानातली कितीतरी प्रवाळं पांढरी पडून मेली, त्यांची राखाडी हाडं अजून दिसतात. पण मध्येच एखादा जिवंत ताटवा येतो. त्यावर पाय देऊ नका, तो जीव आहे. अंगात गडद रंगाचा सलवार-कुडता किंवा आपल्याला सोसेल तो पोहण्याचा पोशाख असावा. ओढणी आणि साडी पाण्यात मुळीच नको. मी बाहेर आले तेव्हा दोन तास झाले होते, आणि ह्यांनी मुलांना नारळपाणी-बिस्किटं सगळं करून ठेवलं होतं. चहा कुणीच मागितला नाही.

खोल पाण्यात बुडी मारण्याचा प्रकारही हॅवलॉकवर असतो. दमा, रक्तदाब, कानाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यात पडू नका, आणि विमान असेल त्याच्या आदल्या दिवशी तर नकोच.

हॅवलॉकहून नील बोटीने तासाभराच्या आत येतं. कंपनीच्या कागदात नील 'दोन तासांत' होतं. आम्ही एक रात्र ठेवली होती, आणि सगळ्यांत जास्त आवडलं ते हेच बेट. इतकं लहान की रिक्षाने अर्ध्या दिवसात पालथं घालता येतं. गावांची नावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर! सासूबाई तेवढ्यावरच खूश. सीतापूरला सूर्योदय, लक्ष्मणपूरला सूर्यास्त, भरतपूरला उथळ पाणी, लहान मुलांना अगदी छान. मधे भाताची आणि भाजीची शेतं. आसपासच्या बेटांना भाजी इथूनच जाते. धक्क्याजवळच्या बाजारात एका बंगाली बाईकडे सासूबाईंना लाल माठाची जुडी दिसली. तिला मराठी येत नाही, ह्यांचं हिंदी असं-तसंच, पण अर्धा तास दोघींचं खत, पाणी आणि गोगलगायी ह्यांवर बोलणं चाललं होतं. शाकाहारी असाल तर काळजी नको, डाळ-भात-बटाट्याची भाजी कुठेही मिळते.

लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या बाजूला दगडाची नैसर्गिक कमान आहे. ती पाहायला ओहोटीच हवी. कोकणातल्या मैत्रिणींना सांगायला नकोच, पण ओहोटीची वेळ रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत जास्त मागे हटतं. कॅलेंडरवर तिथी पाहून ठेवा, नेमकी वेळ मुक्कामाच्या ठिकाणी विचारा. वाट धारदार, निसरड्या खडकांची आहे. रबरी तळाचे बूट हवेत. गुडघेदुखीवाल्यांनी झाडाखाली बसावं, सासूबाई बसल्या.

आणि मग घोळ झाला. आमची परतीची बोट ज्या दिवशी होती, त्या दिवशी वारा सुटला आणि सकाळीच सगळ्या बोटी रद्द झाल्या. धक्क्यावर एक कुटुंब होतं, त्यांचं विमान त्याच दुपारचं. त्यातल्या बाईचा चेहरा मला अजून आठवतो. मांडीवर झोपलेलं मूल, हातात पाच तिकिटं. तिकिटांचे पैसे तर गेलेच, वर त्यांचं जेल पाहायचं शेवटच्या सकाळसाठी ठेवलं होतं, तेही राहिलं.

आमचं विमान दोन दिवसांनी होतं. नीलवर आणखी एक रात्र काढावी लागली, एवढंच. पोर्ट ब्लेअरची खरेदी आणि चिडिया टापूचा सूर्यास्त बुडाला, पण सासूबाईंची कोठडी पाहून झाली होती. म्हणून सांगते: ज्या गोष्टीसाठी घरातलं माणूस एवढ्या लांब येतंय, ती पहिल्याच दिवशी करा. आणि परतीच्या विमानाआधी निदान एक, जमल्यास दोन रात्री पोर्ट ब्लेअरमध्ये राखून ठेवा.

आमचा शेवटी ठरलेला बेत असा होता: दोन रात्री पोर्ट ब्लेअर, दोन हॅवलॉक, एक नील, पुन्हा दोन पोर्ट ब्लेअर. एकूण सात. कंपनीच्या बेतापेक्षा दोन रात्रींचं भाडं जास्त पडलं. बाराटांगची गाडी आणि नॉर्थ बेचे खेळ वाचले, त्यात त्यातलं पुष्कळसं भागलं. तेवढी रजा नसेल तर नील किंवा हॅवलॉक ह्यांपैकी एकच घ्या. लहान मुलं किंवा वडीलधारी बरोबर असतील तर नील, पाण्यातले खेळ हवे असतील तर हॅवलॉक. नव्या जोडप्यांनी काय घ्यावं हे मी सांगत नाही, त्यांना कुठलंही चालतं!

थोड्या फुटकळ गोष्टी. लहान बेटांवर मोबाइलची खात्री धरू नका, हाताशी रोख पैसे ठेवा. रोजची औषधं दोन दिवस जास्तीची घ्या, बोट रद्द झाली तर उपयोगी पडतात. वाळूतल्या बारीक माश्या चावतात, खोबरेल चोळून बसलं तर त्रास कमी वाटतो. शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे किनाऱ्यावरून उचलायला बंदी आहे, विमानतळावर बॅगेतून काढून घेतात. आमच्या धाकट्याने एक सुरेख शंख खिशात टाकलाच होता. पाच मिनिटांनी खिसा हलायला लागला. आत खेकडा राहत होता.

राहता राहिली लांबची बेटं. डिगलीपूरकडे रॉस आणि स्मिथ ही जुळी बेटं आहेत, मध्ये वाळूचा पट्टा, ओहोटीला एकीवरून दुसरीवर चालत जाता येतं. (हे रॉस वेगळं, घोटाळा करू नका.) ती पहिल्या खेपेला नकोत, अंतर फार. मी ती वहीतून खोडली होती. परवा दुधाचा हिशेब लिहायला तेच पान उघडलं, तर खोडलेल्या डिगलीपूरच्या पुढे सासूबाईंच्या अक्षरात लिहिलेलं: "जिने आहेत का, विचारणे."